ट्रेडची अफवा वाचण्याआधी: बेसबॉलच्या डेडलाइनसाठी पायरीपायरीनं तयारी

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये जुलैअखेरीच्या सुमारास ट्रेड डेडलाइन असते, म्हणजे संघांना आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची मुदत. तिच्या आधी, जुलैचा तिसरा आठवडा उजाडला की आमच्या बेसबॉलच्या ग्रुपवर दरवर्षी एकच गोष्ट घडते. कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतो, अमुक पिचर (चेंडू टाकणारा) न्यूयॉर्क यांकीजकडे चालला. दोघंतिघं अभिनंदन करतात, एक जण नवी रोटेशन, म्हणजे पिचरांच्या पाळ्या, लिहून काढतो. सकाळी कळतं की तो पिचर आहे तिथंच आहे, किंवा भलत्याच संघात गेला आहे. मग सगळे म्हणतात, अफवाच त्या, त्यांचं काय खरं!

मला हे पटत नाही. डेडलाइनआधीच्या बातम्यांत खरी माहिती भरपूर असते. आपण ती चुकीच्या क्रमानं वाचतो. आधी बातमी वाचतो, हुरळतो, आणि मग खेळाडूचा करार शोधायला जातो. २०२१ च्या जुलैअखेर मीही हेच केलं होतं. पहाटे जाग आली, वॉशिंग्टनचा पिचर मॅक्स शेर्झर सॅन डिएगोला जाण्याच्या बेतात आहे अशी बातमी दिसली, मी ती 'पक्की' म्हणून ग्रुपवर टाकली आणि परत झोपलो. उठून पाहतो तर शेर्झर आणि त्याचा सहकारी ट्रे टर्नर दोघंही लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे निघाले होते. शेर्झरला ट्रेड नाकारण्याचा हक्क होता, हे मी आधी पाहिलं असतं तर 'पक्की' हा शब्द लिहिला नसता.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग बातमी. पुढच्या पायऱ्या मेजर लीग बेसबॉलसाठी आहेत. एक वही घ्या, फोनवरची नोंद चालणार नाही असं नाही, पण वहीत पानं उलटून मागचं पाहता येतं.

पायरी १: घड्याळ लावून घ्या

डेडलाइन दरवर्षी ३१ जुलैलाच असते, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. संघ आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ पासूनच्या करारानुसार लीगचे कमिशनर २८ जुलै ते ३ ऑगस्ट यांमधली तारीख ठरवतात. २०२२ मध्ये ती २ ऑगस्ट होती, २०२३ मध्ये १ ऑगस्ट, २०२४ मध्ये ३० जुलै, २०२५ मध्ये ३१ जुलै. या चारही वर्षी वेळ होती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानं संध्याकाळी ६.

भारतात तेव्हा दुसऱ्या दिवसाची पहाट असते, ३:३०. म्हणजे ३१ जुलैची डेडलाइन पुण्यातल्या माणसासाठी १ ऑगस्टला पहाटे साडेतीनला संपते. दुबईत रात्रीचे २, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये दुपारचे ३.

तपासा: उन्हाळ्यात न्यूयॉर्क आणि भारत यांच्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. साडेदहाचा फरक हिवाळ्यातला. तो धरलात तर गजर साडेचारला वाजेल आणि तोवर सगळं उरकलेलं असेल.

इशारा: २०१९ च्या आधीचे लेख वाचून नियम शिकू नका. तेव्हा जुलैनंतरही ऑगस्टभर वेव्हरच्या (खेळाडू आधी बाकीच्या संघांपुढं उचलण्यासाठी ठेवायच्या) वाटेनं मोठे ट्रेड व्हायचे. २०१७ मध्ये जस्टिन व्हरलँडर ह्यूस्टनला गेला तो ३१ ऑगस्टच्या रात्री. ती वाट आता बंद आहे.

पायरी २: विकणारा कोण, घेणारा कोण

मेजर लीगमध्ये दोन लीग आहेत; प्रत्येक लीगमधले ६ संघ पोस्टसीझनला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला, जातात: ३ डिव्हिजन (गट) विजेते आणि ३ वाइल्ड कार्ड (विजेत्यांखालोखालचे). त्यामुळे जुलैअखेर अर्ध्याहून जास्त संघांना आपण शर्यतीत आहोत असं वाटत असतं, आणि अफवांचा निम्मा गोंधळ इथंच होतो. जो संघ विकायला तयारच नाही, त्याच्या खेळाडूंची नावं आपण घोळवत बसतो.

आधी अंतर काढा. विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक मिळवा, त्याचे दोन भाग करा. एक संघ ५८-४७ आणि दुसरा ५४-५० असेल तर ४ अधिक ३, म्हणजे ७, भागिले २. दुसरा संघ साडेतीन सामने मागे आहे. याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहा: शेवटच्या वाइल्ड कार्ड जागेपर्यंत मध्ये किती संघ आहेत. तीन सामने मागे आणि मध्ये एकच संघ, ही स्थिती वेगळी. तीन सामने मागे आणि मध्ये पाच संघ, ही वेगळी. पाचही संघ एकाच वेळी हरायला हवेत, हे आपण विसरतो.

मालकाचा कलही बघावा लागतो. २०२३ मध्ये शोहेई ओहतानीचा करार संपत आला होता आणि त्याच्या नावानं महिनाभर बाजार तापला होता. त्याच्या संघानं, एंजल्सनी, २६ जुलैला ठरवलं की त्याला विकायचं नाही, उलट त्यांनी लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ हे पिचर घेतले. हंगाम संपला तेव्हा संघ ७३-८९ वर होता. निर्णय चुकला, पण अफवा वाचणाऱ्यासाठी मुद्दा दुसरा आहे. २६ जुलैनंतरही 'ओहतानी कुठं जाणार' हे वाचत बसलेल्यांचा वेळ वाया गेला.

वहीत तीन रकाने करा: विकणारे, घेणारे, कुंपणावरचे. कुंपणावरच्यांचा रकाना दर दोन दिवसांनी बदला.

पायरी ३: खेळाडूचा कागद तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. ज्या खेळाडूचं नाव वारंवार येतंय त्याच्यासाठी एक पान. त्यावर चार गोष्टी.

पहिली, करार कधी संपतो. हंगाम संपताच मोकळा होणाऱ्या खेळाडूला तिकडे 'रेंटल' म्हणतात, भाड्याचा. दोन-तीन वर्षं हातात राहणार असेल तर तो 'कंट्रोल' असलेला. दोघांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक असतो. लांबचा करार नसलेला खेळाडू मेजर लीगमधली ६ वर्षं भरली की मोकळा होतो. ही सेवा ५.१६४ अशी लिहितात आणि मराठी वाचक तिथं हमखास फसतात. हा दशांश नाही. ५ वर्षं आणि १६४ दिवस, असं ते वाचायचं. १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात, म्हणून टिंबानंतरचा आकडा १७१ च्या वर जात नाही. हंगामाच्या सुरुवातीला ज्याचा आकडा ५ नं सुरू होतो आणि ज्याच्याकडे पुढचा करार नाही, तो भाड्याचा. ४ नं सुरू होत असेल तर अजून एक वर्ष हातात आहे.

दुसरी, उरलेला पगार. बातमीत वर्षाचा आकडा देतात, पण नव्या संघाला उरलेल्या दिवसांचेच पैसे द्यायचे असतात. डेडलाइनला हंगामाचा साधारण एक तृतीयांश भाग उरलेला असतो, म्हणून तीननं भागा. २०२४ मध्ये जॅक फ्लॅहर्टी डेट्रॉइटकडे १ कोटी ४० लाख डॉलरच्या एक वर्षाच्या करारावर होता. तीननं भागलं की ४७ लाखांच्या आसपास. एवढ्या पैशात चांगला स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) मिळतो म्हटल्यावर त्याच्यामागे बडे संघ का लागले ते कळतं. आणि ज्या संघाचा एकूण पगार लक्झरी टॅक्सच्या (फार मोठ्या पगारखर्चावरच्या लीगच्या कराच्या) रेषेजवळ आहे त्याला हे ४७ लाखही जड जातात. ती रेषा २०२५ मध्ये २४ कोटी १० लाख डॉलरवर होती. पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षापासून ५०.

तिसरी, नकाराचा हक्क. क्रिकेटवरून आलेल्या आपल्या मंडळींची सगळ्यात मोठी चूक ही. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही, म्हणून आपण इथंही 'त्याला जायचंय का?' असं विचारतो. बेसबॉलमध्ये बहुतेक खेळाडूंना कुणी विचारत नाही. सकाळी एका शहरात, संध्याकाळी दुसऱ्या. हक्क असतो तो दोन प्रकारच्यांना. एक, ज्यांच्या करारात तसं कलम आहे. हे कलम सगळ्या संघांविरुद्ध असू शकतं किंवा मोजक्या संघांच्या यादीविरुद्ध. दुसरे 'टेन अँड फाइव्ह'वाले: मेजर लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची सलग ५ आत्ताच्याच संघात. यांना कुठलाही ट्रेड नाकारता येतो, करारात काहीही लिहिलेलं असो. शेर्झर यातलाच.

हे कलम कागदावरच राहतं असं समजू नका. २०२३ च्या डेडलाइनला डेट्रॉइट आणि डॉजर्स यांचं एडुआर्डो रॉड्रिगेझबद्दल ठरलं होतं. त्याच्या यादीत १० संघ होते, त्यात डॉजर्स होते, त्यानं नाही म्हटलं आणि व्यवहार तिथंच संपला. त्याच्या आदल्या वर्षी एरिक हॉस्मरनं वॉशिंग्टनला जायला नकार दिला. त्यामुळे हुआन सोटोचा अख्खा व्यवहार अडेल असं काही तास वाटत होतं, शेवटी हॉस्मरच्या जागी ल्यूक व्हॉइट गेला.

चौथी, दुखापत. 'जखमी आहे म्हणजे जाणार नाही' हे गृहीत धरू नका. शेन बीबर कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, त्या हंगामात मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नव्हता, तरी २०२५ च्या ३१ जुलैला क्लीव्हलँडनं त्याला टोरोंटोला दिलं.

तपासा: चारही ओळी भरल्याशिवाय त्या खेळाडूची बातमी पुढं पाठवायची नाही. हा एकच नियम पाळलात तरी निम्म्या चुका टळतील.

पायरी ४: बातमीतलं क्रियापद पकडा

वार्ताहर शब्द मोजून वापरतात. आपण ते घाईनं वाचतो आणि सगळ्यांचा अर्थ 'चालला' असाच लावतो. मी हे शब्द लग्नाच्या बोलणीच्या टप्प्यांवर बसवले आहेत, ग्रुपमधल्या नव्या लोकांना ते पटकन कळतात.

'मेक्स सेन्स', 'गुड फिट', 'कुड बी': इथं बोलणी नाहीतच. लिहिणाऱ्याच्या मनात आलं की हे दोघं एकमेकांना शोभतील. हे मत आहे, बातमी नाही. तरी सर्वांत जास्त फॉरवर्ड होतं ते हेच.

'चेक्ड इन', 'इन्क्वायर्ड': खडा टाकून पाहिला. स्थळाची चौकशी केली. जुलैत जवळजवळ प्रत्येक संघ प्रत्येक चांगल्या पिचरची चौकशी करतो.

'इंटरेस्टेड', 'मॉनिटरिंग': पत्रिका मागवली आहे.

'लिसनिंग', 'ओपन टू ऑफर्स': दुसऱ्या बाजूनं स्थळं बघायला सुरुवात केली. विकणाऱ्या संघाबद्दल हा शब्द आला तर त्याचं नाव पहिल्या रकान्यात हलवा.

'इन टॉक्स', 'एक्सचेंजिंग नेम्स': बैठक बसली. मोबदल्यातल्या खेळाडूंची नावं निघाली म्हणजे काम पुढं सरकलं.

'फ्रंटरनर', 'क्लोजिंग इन', 'क्लोज': देण्याघेण्याचं बोलणं चाललंय, याद्या अजून व्हायच्यात. २०२१ ला सॅन डिएगो याच टप्प्यावर होतं आणि मी अक्षता टाकून मोकळा झालो होतो.

'अग्रीमेंट इन प्लेस, पेंडिंग मेडिकल्स': साखरपुडा. वैद्यकीय अहवाल अजून तपासायचे आहेत.

'ऑफिशियल', 'टीम अनाउन्स्ड': अक्षता पडल्या.

साखरपुड्यापर्यंत गेलेली गोष्ट सहसा पार पडते, पण मोडते तेव्हा फार दुखवून मोडते. २०१५ च्या २९ जुलैची रात्र मी विसरू शकत नाही. सिटी फील्डवर न्यूयॉर्क मेट्सचा सामना चालू होता. मिलवॉकीकडून कार्लोस गोमेझ येणार आणि बदल्यात झॅक व्हीलर आणि शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागेवर) उभा असलेला विल्मर फ्लोरेस जाणार, ही बातमी फोनांवर पसरली. प्रेक्षकांना कळलं, त्यांनी फ्लोरेस बॅटिंगला आला तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशासाठी ते त्याला नंतर कळलं. सोळाव्या वर्षापासून हा मुलगा त्याच संघात वाढला होता. तो परत मैदानात गेला, आपल्या जागेवर उभा राहिला आणि बाहीनं डोळे पुसत राहिला. कॅमेरा त्याच्यावरच. सामना संपल्यावर जनरल मॅनेजर सँडी अल्डरसन यांनी सांगितलं की हा व्यवहार होणार नाही. गोमेझच्या कमरेच्या सांध्याच्या वैद्यकीय अहवालावरून तो फिसकटला होता. दोन दिवसांनी, ३१ जुलैला, याच फ्लोरेसनं बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारून मेट्सना सामना जिंकून दिला आणि धावत येताना छातीवरचं 'मेट्स' हे नाव मुठीत धरलं.

ती रात्र आठवली की मला वाटतं, अफवा पुढं पाठवताना पलीकडे एक माणूस उभा असतो, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

फ्लॅहर्टीच्या पानावरही असाच टप्पा आहे. २०२४ मध्ये आधी यांकीज त्याला घेणार होते, वैद्यकीय अहवाल पाहून त्यांनी माघार घेतली अशी वृत्तं आली, आणि तो डॉजर्सकडे गेला. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजचा (अंतिम मालिकेचा) पहिला सामना डॉजर्सकडून त्यानंच सुरू केला, समोर यांकीज.

पायरी ५: सांगतंय कोण?

बातमी जिथून निघाली तिथपर्यंत मागं जा. दहा खात्यांवर एकच बातमी दिसली म्हणजे दहा जणांनी ती पडताळली, असं होत नाही. बहुतेक वेळा नऊ जण एकाचंच उचलून सांगत असतात. 'पर' किंवा 'अकॉर्डिंग टू' या शब्दांपुढचं नाव वाचा, वहीत ते लिहा.

राष्ट्रीय पातळीवर केन रोझेंथाल आणि जेफ पासन ही नावं तुम्हाला सतत दिसतील. म्हणूनच त्यांच्या नावांची नकली खाती डेडलाइनच्या दिवसांत उगवतात. चेहरा तोच, नावात एखादं अक्षर कमीजास्त. स्क्रीनशॉटवर कधीच विश्वास ठेवू नका, मूळ खात्यावर जाऊन तो मजकूर तिथं आहे का ते बघा. खातं कधी उघडलंय, आधीचे संदेश कसले आहेत, हे पाहायला दहा सेकंद लागतात.

मूळ संघाचं रोजचं वार्तांकन करणारा स्थानिक पत्रकार काय म्हणतो, हेही बघा. त्याला ड्रेसिंगरूममधली हवा माहीत असते. राष्ट्रीय बातमी आली आणि स्थानिक पत्रकार गप्प आहे, तर थांबा. दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं, तर वहीत एक टप्पा वर चढवा.

इशारा: मोठ्या नावाचीही चूक होते. डिसेंबर २०२३ मध्ये ओहतानी टोरोंटोच्या विमानात बसल्याची बातमी एका अनुभवी वार्ताहरानं दिली. लोक विमानाचा माग काढत बसले. विमानातून उतरला तो एक कॅनेडियन उद्योगपती. दुसऱ्याच दिवशी ओहतानीनं डॉजर्सबरोबर ७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. वार्ताहरानं माफी मागितली, पण विमानाचा नकाशा पाहून 'झालंच' म्हणणारे हजारो लोक होते. ट्रेड असो वा नवा करार, विमान हा पुरावा नव्हे.

पायरी ६: ही बातमी बाहेर आल्यानं कुणाचा भाव वाढतो?

थोडक्यात सांगतो. विकणाऱ्या संघाला चार गिऱ्हाइकं दाखवायची असतात. एजंटला आपल्या खेळाडूचं नाव चर्चेत हवं असतं. घेणाऱ्या संघाला दुसऱ्या पर्यायाचं नाव पुढं करून पहिल्याचा भाव पाडायचा असतो. 'पाच संघ मागे लागलेत' अशी बातमी आली आणि पाचांपैकी एकाचंही नाव नसेल, तर ती विकणाऱ्या बाजूनं आली असावी असं मी धरतो.

उलट, खरोखर मोठ्या व्यवहारांचा कित्येकदा वाससुद्धा लागत नाही. १५ जून २०२५ ला बॉस्टननं राफेल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं. ३१ कोटी ३५ लाख डॉलरच्या करारातला खेळाडू, डेडलाइन दीड महिना दूर, आणि आदल्या दिवशी कुणाच्या तोंडी ते नाव नव्हतं. बे एरियातल्या आपल्या लोकांना ही बातमी व्यवहार झाल्यावरच कळली. अफवा नाही म्हणजे ट्रेड नाही, असं कधीच म्हणू नका.

पायरी ७: बदल्यात काय, ते जुळतंय का बघा

ग्रुपवर ट्रेडचे प्रस्ताव मांडणं हा सगळ्यांचा आवडता उद्योग. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं त्या प्रस्तावांवरून भांडणंही होतात. बहुतेक प्रस्ताव आवळा देऊन कोहळा काढायचे असतात: आपल्याला नको असलेले चार, बदल्यात समोरच्याचा हिरा. खरा भाव कळण्यासाठी आधीचे व्यवहार पाहा.

२०२२ मध्ये सोटोनं वॉशिंग्टनची ४४ कोटी डॉलरची ऑफर नाकारली. तेव्हा तो अजून अडीच हंगाम हातात राहणार होता. सॅन डिएगोनं त्याच्यासाठी आणि जॉश बेलसाठी सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल, हार्लिन सुसाना आणि व्हॉइट असे सहा दिले. २०२५ मध्ये त्याच सॅन डिएगोनं क्लोजर (सामना संपवायला येणारा पिचर) मेसन मिलरसाठी आपला सगळ्यात वरचा प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू), १८ वर्षांचा शॉर्टस्टॉप लिओ डे व्रिस दिला. मिलर २०२९ पर्यंत हातात होता, म्हणून ही किंमत. भाड्याच्या रिलीव्हरसाठी (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरसाठी) कुणी डे व्रिस देणार नाही. पायरी ३ मधली पहिली ओळ इथं कामाला येते.

मग नियम तपासा. प्रस्तावात या चुका नेहमी असतात:

नुकताच ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) झालेला खेळाडू घालणं. ड्राफ्ट आता जुलैतच असतो, म्हणून ती नावं ताजी असतात. पण त्या वर्षी निवडलेला खेळाडू वर्ल्ड सीरिज संपेपर्यंत ट्रेड करता येत नाही.

पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीची पिक (ड्राफ्टमधली निवडीची संधी) घालणं. बास्केटबॉलची सवय. इथं साधारण पिक विकता येत नाहीत, फक्त 'कॉम्पेटिटिव्ह बॅलन्स' फेरीतल्या (लहान संघांना मिळणाऱ्या जादा पिक) येतात. जुलै २०२५ मध्ये टँपा बेनं रिलीव्हर ब्रायन बेकरसाठी बाल्टिमोरला तशीच ३७ व्या क्रमांकाची पिक दिली होती.

चाळीसची यादी विसरणं. ४० जणांच्या रोस्टरवरचे तीन खेळाडू घेतले आणि एक दिला, तर दोन जागा मोकळ्या कराव्या लागतात. त्यासाठी कुणाला काढणार, हे प्रस्तावात लिहिलेलं नसेल तर तो प्रस्ताव अर्धा आहे.

विकणाऱ्याकडे दुसरीही वाट असते. हंगामात ट्रेड न झालेल्या भाड्याच्या खेळाडूला संघ 'क्वालिफाइंग ऑफर', म्हणजे एका वर्षाच्या ठरावीक रकमेचा प्रस्ताव, देऊ शकतो. त्यानं ती नाकारून दुसरीकडे करार केला तर मूळ संघाला ड्राफ्टची जादा पिक मिळते. मध्येच ट्रेड झालेल्याला ही ऑफर देता येत नाही. म्हणून चांगल्या खेळाडूसाठी त्या पिकपेक्षा कमी किमतीचा माल घेऊन कुणी येत असेल, तर विकणारा स्वस्थ बसतो.

पैसेही मोबदल्याचा भाग असतात. विकणाऱ्यानं पगाराचा वाटा उचलला तर त्याला चांगला प्रॉस्पेक्ट मिळतो, किंवा मोठा करार डोक्यावरून उतरतो. २०२५ मध्ये मिनेसोटानं कार्लोस कोरियाला ह्यूस्टनला परत पाठवताना ३ कोटी ३० लाख डॉलर बरोबर दिले. कोरियानं त्यासाठी नकाराचा हक्क सोडला.

पायरी ८: शेवटची रात्र

भारतात जागणाऱ्यांसाठी माझं वेळापत्रक. रात्री दहाला रकाने एकदा नव्यानं लिहा आणि दोन तास झोपा. साडेबारा ते दीडच्या सुमारास त्या रात्रीच्या सामन्यांच्या लाइनअप (खेळणाऱ्यांच्या याद्या) येऊ लागतात. एखादं नाव लाइनअपमधून ऐनवेळी काढलं तर पान उघडा, पण साधी दुखापत, ताप, विश्रांती ही कारणं आधी तपासा.

दिवसाचे सामने चालू असतील तर डगआउटमधल्या (खेळाडू बसतात तिथल्या) मिठ्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. खेळाडू मध्येच बाहेर आला, सहकारी गळ्यात पडले, की व्यवहार झाला असं समजतात. हा संकेत खरा ठरतो तेव्हा छान वाटतं. पण मायनर लीगमध्ये (मेजर लीगखालच्या स्तरावर) परत जाणाऱ्यालाही मिठ्या मारतात. नुसती मिठी हा पुरावा धरू नका, पायरी ५ मधलं नाव सोबत हवं.

साडेतीन वाजले की फोन बंद करू नका. साडेतीनपर्यंत व्यवहार लीगच्या कार्यालयात पोचलेला असावा लागतो, बातमी नंतर फुटली तरी चालते. शेवटचे व्यवहार चारच्या पुढेही बाहेर येत राहतात. आमच्या ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी ३:३१ ला 'आपल्या संघानं काहीच केलं नाही' म्हणून वैतागतो आणि पाऊण तासात त्याच संघाची बातमी येते. निकाल लिहायचा तो पाच वाजता.

पायरी ९: दुसऱ्या दिवसापासून

डेडलाइननंतर काय उरतं, यावरही गैरसमज आहेत. त्या हंगामात चाळीसच्या यादीवर येऊन गेलेला खेळाडू आता ट्रेड होत नाही. त्या यादीवर कधीच न आलेले मायनर लीगचे खेळाडू होऊ शकतात, पण ते व्यवहार छोटे असतात. वेव्हरवर टाकलेला खेळाडू मात्र दुसरा संघ फुकटात उचलू शकतो, फक्त त्याचा उरलेला पगार घ्यावा लागतो. २०२३ च्या ऑगस्टअखेर एंजल्सनी जिओलिटो आणि लोपेझ यांना असंच सोडलं आणि क्लीव्हलँडनं दोघांनाही उचललं. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्यासाठी प्रॉस्पेक्ट दिलेले होते. पोस्टसीझनला खेळायचं तर खेळाडू ३१ ऑगस्टपर्यंत त्या संघाच्या छत्राखाली आलेला असावा लागतो, म्हणून ऑगस्टचे शेवटचे तीन दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

वहीचं शेवटचं काम उरतं. प्रत्येक अफवेसमोर ती कुणी दिली होती, कुठल्या शब्दात, आणि पुढं काय झालं, ते लिहा. ज्यानं 'क्लोज' म्हटलं आणि जमलं त्याच्यापुढं टीक, ज्यानं 'क्लोज' म्हटलं आणि फिसकटलं त्याच्यापुढं फुली. तीन हंगाम हे केलंत की कुणाच्या 'क्लोज'चं वजन किती, ते तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

काही पानं मात्र तेव्हाही भरत नाहीत. मोबदल्यात 'प्लेयर टू बी नेम्ड लेटर', म्हणजे नाव नंतर ठरेल असा खेळाडू असेल, तर ते नाव ६ महिन्यांत सांगावं लागतं. तिथं जागा कोरी सोडा आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यावर खूण करा. ती बातमी दोन ओळींची असते, हिवाळ्यात कुणाचं लक्षही नसतं, पण तेवढं नाव भरलं की त्या ट्रेडचं पान पूर्ण होतं.